मांडीवरचा पीळ

बदलापुरात, कुळगावच्या त्या मंगल कार्यालयात एरवी जिथं नवरानवरीची नावं झेंडूच्या माळांत टांगतात, नेमकी तिथंच शीला टांगलेली होती. स्टेजच्या वर, पंख्यापासून थेट खुर्च्यांपर्यंत आलेल्या फ्लेक्सवर. साडी गुडघ्याच्या वर सरकलेली, उघड्या मांडीवर घायपाताच्या वाखाची पांढरी बट, बटेवर दाबलेला तळहात, मान खाली. वर एक हॅलोजन सोडलेला, त्यामुळे मांडी अशी काही चकाकत होती की वाख राहिला बाजूला, बघणाऱ्याची नजर आधी तिथंच जावी. खाली जाड अक्षरात लिहिलं होतं, 'पिढ्यान्‌पिढ्यांचा पीळ'. आणि त्याखाली बारीक: 'गावासाठी दोर वळणाऱ्या समाजाची ही लेक. मांडीवर पीळ घालायची कला तिला कुणी शिकवली नाही. ती तिच्या रक्तातच आहे.'

शीला हातातली पिशवी खाली न ठेवताच वाचत उभी राहिली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. 'रक्तात' या शब्दापाशी पुन्हा अडकली. आणि तिच्या डोक्यात पहिलं आलं ते हे, की दुपारी आप्पा येणारेत, जिज्ञासाला घेऊन.

रक्तात म्हणे! ही कला तिला शिकवली मोबाईलनं. जिज्ञासा दोन-तीन महिन्यांची असताना, पोर अंगावर पीत असायची, एक हात अडकलेला, दुसऱ्या हातात मोबाईल. कुठल्याशा परदेशी बाईचा व्हिडिओ लागला. ती बाई झाडाच्या धाग्यापासून कानातले विणत होती. गोल चकत्या, थेंब, बारीक जाळीचे झुबके. वजनाला पिसासारखे. शीलाला वाटलं, हे आपल्याला जमेल. का वाटलं देव जाणे. पोर झोपली की जो वेळ हाती लागेल त्यात ती बसायची. कधी भात शिजेपर्यंतचा वेळ, कधी दूध उतू जाईपर्यंतचा.

घायपात आणायला वांगणीला जायची. तिकडे कौसाबाईंच्या शेताच्या बांधावर तलवारीसारखी पानं माजली होती. "घेऊन जा गं बाय, माझ्या गाईगुरांच्या डोल्यात जातात ती," म्हणून कौसाबाई वर दोन काकड्याही द्यायच्या. पानं कुटायची, ड्रममध्ये भिजत घालायची, मग फळीवर बोथट सुरीनं खरवडायची, की हिरवा गर निघून आत पांढराशुभ्र वाख उरतो. चीक हाताला लागला की खाज सुटते ती संध्याकाळपर्यंत. आणि ड्रमचा वास! उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या त्यांच्या चाळीत शेजारच्या लाजवंती आंटींनी पदर नाकाला लावून विचारलं होतं, "ए शीला, अंदर किसी को मारके तो नहीं रखा?" पण त्याच आंटींनी नवऱ्याच्या इमिटेशनच्या मालातले कानात अडकवायचे हुक मूठभर आणून दिले. "ले, चालू माल नहीं है, रंग नहीं उतरेगा."

व्हिडिओतली बाई धाग्याला पीळ मांडीवर घालायची. शीलानंही तसाच घातला. जमिनीवर बसून, गाऊन गुडघ्यावर घेऊन, तळहातानं वाख मांडीवरून पुढं लोटायचा. एका दुपारी ती अशी बसलेली असताना मोरिवलीहून आप्पा आले. शंकरराव तिचे वडील, अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथवर टर्नर होते, रिटायर झाल्यापासून रोज दुपारी नातीसाठी यायचे. दारात चप्पल काढली, आत पाहिलं, आणि काढलेली चप्पल परत पायात घातली.

"आप्पा, चहा ठेवते."

"नको."

गेले. जिज्ञासाला हातसुद्धा लावला नाही. शीला चिडली, मग घाबरली, मग पुन्हा चिडली. नंतर किती दिवस ते आलेच नाहीत. आणि आले ते रिक्षातून, सोबत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड धूड घेऊन.

ती मशीन होती. शिलाई मशीनची जुनी मोटर, तिचाच पायडल, वर ओळखीच्या वर्कशॉपात लेथवर कातून घेतलेला छोटासा फिरता चक, त्याला आकडा. सगळ्याला कारखान्यातल्या यंत्रांना देतात तसला हिरवा रंग. आकड्यात वाखाचं टोक अडकवायचं, पायडल दाबायचा, घर्रर्र करून पीळ बसतो. हवा तेवढा, एकसारखा.

"पायानं चालते," आप्पा म्हणाले. "एक हात मोकळा राहतो. पोरीला धरायला." मग बराच वेळ स्क्रू घट्ट करत बसले आणि तोंड वर न करताच म्हणाले, "मांडीवर पीळ घालायचा नाही. माझ्या डोळ्यांसमोर तरी नाही."

तेव्हा त्यांनी आपल्या बापाचं सांगितलं. म्हातारा गावासाठी दोर वळायचा. कासरे, दावी, म्होरक्या. पोळ्याला घरोघर नेऊन द्यायचे, पैसा मागायचा नाही, जे शिळंपाकं मिळेल ते पदरात घ्यायचं आणि वर कौतुकानं हसायचं. छप्पन साली दीक्षा घेऊन आला आणि दोर वळायची लाकडी फिरकी त्यानं विहिरीत टाकली. गावानं पाणी तोडलं. मग ही माणसं अंबरनाथला आली. काम सुटलं, पण उजव्या मांडीवर तळहाताएवढा काळा, केस नसलेला, चामड्यासारखा घट्टा होता तो काही सुटला नाही. म्हाताऱ्यानं परत कधी धोतर नेसलं नाही. कारखान्याच्या नळावर सगळे पुरुष चड्डीवर आंघोळ करायचे, हा पायजम्यासकट करायचा. लोक हसायचे. आप्पांनी तो घट्टा पहिल्यांदा नीट पाहिला तो त्याला शेवटची आंघोळ घालताना.

इतकं झाल्यावर शीला मांडीवर पीळ घालेल? पण घातला. एकदाच. हाच तर संताप होता.

मृणाल मॅडम घरी आल्या होत्या, प्रदर्शनासाठी कारागीर शोधत. सुती साडी, गळ्यात मातीचे मणी, बोलणं साखरेसारखं. चहा घेतला, ड्रमचा वास आला तरी नाक मुरडलं नाही. शीलाला त्या आवडल्या होत्या, खोटं कशाला. घरात सगळे तिच्या कामाला 'टाइमपास' म्हणायचे, नवरा महेंद्रसुद्धा, प्रेमानंच, पण टाइमपासच. मॅडमनी एक झुबका उजेडात धरून "ही तुमची कला आहे, शीलाताई," म्हटलं आणि शीला वितळली. बोलता बोलता आजोबांचं सांगून बसली. सगळं सांगितलं होतं. विहिरीचंही.

मग कॅमेरावाला म्हणाला, मशीन फ्रेममध्ये बरी दिसत नाही. मॅडम म्हणाल्या, "आधी कसं करायचात? मांडीवर? दाखवा ना जरा. एकच फोटो." महेंद्र दारात उभा होता. "कर ना, काय होतंय? आप्पा थोडीच बघायला आलेत," म्हणाला. जिज्ञासा बाजूला रांगत होती, वाखाची बट ओढत होती. शीलानं साडी वर घेतली.

आणि आता ही मांडी हॅलोजनखाली.

"कसला भारी आलाय ना?" मागून मृणाल मॅडमचा आवाज आला. "सकाळपासून प्रत्येक जण तिथंच थांबतोय."

"मॅडम, हे खाली काय लिहिलंय?"

"तुमची स्टोरी. लोक नुसती वस्तू घेत नाहीत हो, स्टोरी घेतात."

"ही माझी नाहीये. मी मोबाईलवर बघून शिकले, तुम्हाला सांगितलं होतं मी."

मॅडम हसल्या. "मोबाईलवर बघून शिकले, असं लिहायचं का मग फ्लेक्सवर?"

"आणि आजोबांनी ते काम सोडलं. फेकलं विहिरीत. हे पण सांगितलं होतं."

"ते थोडं निगेटिव्ह जातं, शीलाताई. आपल्याला सेलिब्रेट करायचंय ना तुमचा वारसा?" त्यांनी शीलाच्या खांद्यावर हात ठेवला. "ऐका. चारच्या सुमाराला मुंबईच्या दुकानाच्या अरुंधतीबाई येतायत. त्यांना लाइव्ह डेमो दाखवायचाय. असाच, फोटोतल्यासारखा. त्यांना आवडलं की त्यांच्या दुकानात एक कोपरा कायमचा तुमचा. तुमच्या नावाचा, शीला महेंद्र साळवे. मी बोलून ठेवलंय. आणि हां, स्टॉलवरचं ते हिरवं मशीन तेवढं झाका. हँडमेड लिहिलंय आपण सगळीकडे."

"मशीन फक्त पीळ घालते. विणते मी हातानंच."

"मला माहितीये. त्यांना कुठं माहितीये?" आणि वारली चित्रांची एक चादर तिच्या हातात देऊन मॅडम पुढच्या स्टॉलकडे गेल्या.

शीलाच्या नावाचा कोपरा. तिनं मनातल्या मनात त्या कोपऱ्यात आपले झुबके मांडूनही पाहिले होते. कोपरा मिळाला असता तर ती ठणकावून सांगू शकली असती, हे माझं काम आहे, पोरीला धरा जरा, मी कामाला बसतेय. टाइमपास नाही. एवढंच तर हवं होतं. त्या एवढ्याशासाठी तिनं चादर उलगडली आणि मशीनवर टाकली. कुणाच्या तरी मुस्काटात द्यावीशी वाटत होती आणि समोर कुणी नव्हतं.

आप्पा आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, एका खांद्यावर जिज्ञासाच्या सामानाची झोळी, दुसऱ्यावर खुद्द जिज्ञासा. दारातून चार पावलं आत आले आणि थांबले. शीला लांबून बघत होती. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. सगळं वाचलं, अगदी खालची बारीक ओळसुद्धा. मग स्टॉलपाशी आले आणि पोर तिच्याकडे दिली. चादरीचा कोपरा उचलून आत पाहिलं.

"मशीन बिघडली?"

"नाही."

"मग झाकली का?"

"मॅडम म्हणाल्या."

"मॅडमनी झाकली?"

"मी."

"बरं," आप्पा म्हणाले. आणि त्यांनी चादर परत खाली सोडली. नुसती सोडली नाही, कडेची चुणी काढली, चारी बाजूंनी नीट सारखी केली, मयतावर करतात तशी. "डब्यात खिमट आहे. गार करून दे." आणि मागच्या रांगेतल्या एका खुर्चीवर जाऊन बसले, लग्नाला आलेल्या, कुणाकडचा ते कुणालाच माहीत नसलेल्या पाहुण्यासारखे.

ओरडले असते तर बरं झालं असतं. शीला पोर कडेवर घेऊन तरातरा त्यांच्यापाशी गेली.

"बोला ना काहीतरी! असं तोंड शिवून काय बसताय?"

"लोक बघतायत."

"बघू दे. वर बघतायतच की! आप्पा, ती पाटी मी नाही लिहिली."

"वाचता येतं मला. तू एवढं शुद्ध लिहीत नाहीस."

"मग माझ्यावर का राग?"

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. डोळे लाल झाले होते. "बाप माझा पायजम्यासकट आंघोळ करायचा, शीले. का करायचा? ही मांडी कुणाला दिसू नये म्हणून. आणि तू ती भिंतीवर टांगलीस."

"मी नाही टांगली!"

"तळहात कुणाचा आहे तो?"

आप्पांचा आवाज आता मात्र चढला. पुढच्या रांगेतल्या दोघीजणी मागं वळल्या. "ते पण जाऊ दे. फोटो काय, घेणाऱ्यानं घेतला. पण 'कुणी शिकवली नाही'? पीळ एकसारखा बसत नाही म्हणून रडत होतीस, तेव्हा तो चक पुन्हा पुन्हा कातून आणला तो कुणी? पस्तीस वर्षं लेथवर उभा राहिलो मी. तुझ्या घरात वारसा असेल तर तो आहे. त्याच्यावर चादर टाकलीस, स्वतःच्या हातानं."

शीला पेटली. बापावर, मॅडमवर, 'कर ना, काय होतंय' म्हणणाऱ्या महेंद्रवर, आणि सगळ्यात जास्त त्या भिंतीवरच्या मान खाली घातलेल्या बाईवर. ती बाई वर बघतच नव्हती. वर बघ की गं, असं तिला ओरडून सांगावंसं वाटलं.

तेवढ्यात स्टेजपुढं चटई अंथरली गेली. अरुंधतीबाई आल्या होत्या, मागं मोबाईल धरलेली माणसं. "शीलाताई, या, बसा," मृणाल मॅडमनी हाक मारली. हळूच म्हणाल्या, "बाळ कुणाकडं तरी द्या ना."

शीलानं पोर कुणाकडं दिली नाही. ती स्टॉलपाशी गेली, चादर ओढून काढली आणि मशीन टेबलासकट फरफटत चटईपर्यंत आणली. टेबलाचे पाय फरशीवर असे किंचाळले की सगळं कार्यालय वळून बघायला लागलं.

"अहो, शीलाताई..."

स्टेजपाशी प्लगची एकच जागा होती आणि तिच्यात हॅलोजनची वायर होती. शीलानं ती उपटली. भिंतीवरची मांडी एकदम विझली. तिनं मशीनची वायर खुपसली, वाखाचं टोक आकड्यात अडकवलं, जिज्ञासाला कडेवर घट्ट धरलं आणि पायडल दाबला.

घर्रर्रर्र.

मंगल कार्यालयाच्या पत्र्यांवर आदळून तो आवाज दुप्पट झाला. जिज्ञासा मात्र या आवाजाला सरावलेली होती, या आवाजातच ती झोपायची. ती टाळ्या वाजवायला लागली. एका हातातून पांढरी बट सरसर पीळ घेत गेली.

"पीळ असा बसतो," शीला मोटरच्या वरून ओरडली. तिला भाषण येत नव्हतं. "ही मशीन माझ्या वडिलांनी केली. ते तिथं मागं बसलेत, टर्नर होते. माझे आजोबा दोर वळायचे, फुकटात वळायचे, वळायला लावायचे म्हणून वळायचे. एक दिवस त्यांनी ते फेकून दिलं. रक्तात बिक्तात काही नाही. रक्तात असतं ना, तर सुरुवातीचे माझे सगळे झुबके आंघोळ करताना बायकांच्या कानात सुटले नसते!"

कुणीतरी खिदळलं. पापडाच्या स्टॉलवरची बाई असावी. मोबाईल धरलेल्या एकीनं मोबाईल खाली घेतला. अरुंधतीबाई थोडा वेळ मशीनकडे, थोडा वेळ फ्लेक्सकडे बघत राहिल्या. "इंटरेस्टिंग," म्हणाल्या. "पण आम्हाला जरा ऑथेंटिक हवं होतं." आणि बांबूच्या टोपल्यांकडे वळल्या.

मृणाल मॅडमचा चेहरा पडला होता. साखर कुठल्या कुठं विरघळली होती. "तुमच्यासाठी किती केलं मी, शीलाताई. असं तोंडावर पाडायचं असतं का कुणाला?"

"तोंड माझं टांगलंय तुम्ही, मॅडम."

"स्टॉल आवरा. प्लीज."

"आवरते. पण तो फ्लेक्स मी घेऊन जाणार."

"तो संस्थेचा आहे."

"मांडी माझी आहे," शीला म्हणाली, इतक्या मोठ्यानं की टोपल्यांपाशी गेलेल्या बाईसुद्धा वळल्या.

शीलानं पोर चटईवर बसवली आणि स्टेजवरच्या खुर्चीवर चढली. वाख खरवडायची बोथट सुरी दोरीवर घासू लागली, पण बोथट सुरी काय कापणार. ती दात-ओठ खाऊन घासतच राहिली. खाली कुणीतरी खुर्ची धरल्याचं तिला जाणवलं.

"उतर," आप्पा म्हणाले. "नायलॉनची दोरी आहे ती. त्याला पक्कड लागते." झोळीतून, पोरीच्या लंगोटांखालून, त्यांनी पक्कड काढली. रिटायर झाले तरी पक्कड झोळीत असायचीच. त्यांनी वर चढून खट्कन एक टोक तोडलं, मग दुसरं. फ्लेक्स दोघांच्या अंगावर कोसळला.

कोपरा गेला तो गेलाच. मॅडमचा नंतर फोन आला नाही, शीलानंही केला नाही. महेंद्र त्या रात्री म्हणाला, "थोडं सांभाळून घेतलं असतंस तर..." आणि तिच्या नजरेला नजर मिळताच पुढचं वाक्य पाण्याबरोबर गिळलं. नंतर चुपचाप ड्रम धुऊन आला. टाइमपास हा शब्द काही परत त्यानं उच्चारला नाही.

दुसऱ्या आठवड्यात वांगणीहून नवी पानं आली. खरवडताना चिकाचं हिरवं पाणी सगळ्या घरभर होतं, म्हणून शीलानं पॅसेजमध्ये तो फ्लेक्स अंथरायला काढला. चांगला जाड होता, फुकट कशाला घालवायचा. चित्राची बाजू खाली घालत होती, तेवढ्यात आप्पा म्हणाले, "थांब."

त्यांनी कात्री घेतली, गुडघे टेकून खाली वाकले आणि फ्लेक्सचा एक कोपरा कापून काढला. वहीच्या पानाएवढा. शीलानं पाहिलं, तर त्यात एक छोटासा, गुबगुबीत हात होता. वाखाची बट ओढणारा. फ्लेक्स बनवणाऱ्यांनी पोरीला फोटोतून कापून टाकलं होतं, पण हात तेवढा राहून गेला होता.

"हिचा आहे," आप्पा म्हणाले. "त्याच्यावर चीक कशाला सांडायचा." कोपरा त्यांनी घडी न घालता, अलगद गुंडाळून खिशात ठेवला, पेनाच्या मागं.

"आणि माझ्या तोंडावर सांडलेला चालेल?"

"उलटं घातलंय की. आणि मान खाली घातलेली तू मला तशी पण ओळखू येत नाहीस."

हे चिडून म्हणाले की कसं, ते शीलाला कळलं नाही. तिचाही राग अजून उतरला नव्हता. पाटीवरची ती बारीक ओळ तिला झोपेतसुद्धा पाठ म्हणता आली असती. तिनं घायपाताचं एक पान फळीवर आपटलं, सुरी धरली आणि सगळी ताकद लावून खरवडायला लागली. आप्पा मशीनच्या चकात तेल सोडत बसले. जिज्ञासा त्यांच्या मांडीवर बसून पायडलकडे वाकत होती, आणि आप्पा दर वेळी तिचा हात बाजूला करून म्हणत होते, "थांब जरा. पाय तर पुरू देत तुझे."

दारातून लाजवंती आंटी डोकावल्या, नाकाला पदर लावूनच. खाली बघून थबकल्या. उलट्या फ्लेक्सची कड दुमडून अर्धं 'पिढ्यान्‌पिढ्यांचा' वर आलं होतं.

"ए शीला, ये किस हिरॉइन का पोस्टर उल्टा डाला है?"

"फ्लॉप पिक्चर आहे, आंटी," शीला मान वर न करता म्हणाली. मग काहीतरी आठवल्यासारखी तिनं मान वर केली. "पाय पुसा त्याच्यावर आणि या आत."